डाव्या बाजूचा आरसा

आमच्या गाडीचा डावा आरसा गेल्या वर्षी एका अरुंद गल्लीत टेम्पोला घासून फुटला. गाडी जुनी. नवा आरसा मागवायचा तर पंधरा दिवस थांबा, असे गॅरेजमध्ये सांगितले. तिथल्या मिस्त्रींनी लगेच तोडगाही सुचवला. "मॅडम, कशाला थांबता? काचवाल्याकडून मापाची काच कापून आणतो आणि चिकटवून देतो. कंपनीच्या काचेपेक्षा मोठं आणि स्वच्छ दिसेल." तासाभरात काम झाले. मागच्या गाड्या खरोखरच मोठ्या आणि स्वच्छ दिसू लागल्या. आम्ही खूश झालो. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला त्या क्षणी शंका यायला हवी होती, ती आली नाही हे आधीच कबूल करून टाकतो.

चारएक महिन्यांनी घराजवळच्या वळणावर आम्ही डावीकडे वळत होतो. आरशात पाहिले, रस्ता रिकामा होता. स्टिअरिंग फिरवले आणि मागच्या दारावर धाडकन काहीतरी आदळले. सातवी-आठवीतला एक मुलगा सायकलसकट खाली पडला होता. दप्तर उघडून वह्या रस्त्यावर पसरल्या होत्या. सुदैवाने कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले. दवाखान्यात पट्टी बांधून घेताना त्याने विचारले, "काकू, तुम्ही आरशात बघितलं नाहीत का?"

बघितले होते. आरशात तो नव्हता. मग तो कुठे होता, हे शोधण्यासाठी आम्ही पुढच्या रविवारी तो आरसा उघडला. त्यातून नववी-दहावीच्या प्रकाशाच्या धड्याला जोडता येतील अशा बऱ्याच गोष्टी निघाल्या, म्हणून हा लेख.

काच बाहेर काढताना

बाजूच्या आरशाची काच स्क्रूने बसवलेली नसते. समोरून पाहिले तर एकही स्क्रू दिसत नाही, आणि त्यामुळे पुष्कळजण पेचकस घालून ती उपटायला जातात आणि फोडतात. आधी काचेवर आडवी-उभी रुंद चिकटपट्टी लावावी, म्हणजे फुटलीच तर तुकडे उडणार नाहीत. डोळ्यांवर चष्मा हवाच. मग काचेची एक कड आत दाबायची. काच मधल्या सांध्यावर तोललेली असल्याने समोरची कड बाहेर येते. त्या फटीत फडके गुंडाळलेली लाकडी पट्टी सरकवून हळूहळू रेटा द्यायचा. 'कट्' असा आवाज येतो आणि पहिला खटका सुटतो. असे तीन-चार खटके असतात. प्लॅस्टिक थंड असताना ताठर असते आणि वाकण्याऐवजी तुटते, शिवाय वर्षानुवर्षे ऊन खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. म्हणून हे काम थंडीच्या सकाळी करू नये, किंवा आधी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा फिरवावी. उकळते पाणी मात्र ओतू नये, काच तडकेल.

आमच्या आरशात मिस्त्रींनी सिलिकॉनच्या गोंदाने साधी सपाट काच जुन्या प्लॅस्टिकच्या पाठीवर चिकटवली होती. ती पाठ निघाल्यावर आतली यंत्रणा दिसली. मध्यभागी उखळीचा सांधा होता, आपल्या खांद्याला असतो तसा. त्याच्याभोवती तीन टोकांना तीन बारीक तारा जोडलेल्या होत्या, सायकलच्या ब्रेकला असतात तशा, नळीतून जाणाऱ्या. तिन्ही तारा दाराच्या आतल्या बाजूच्या छोट्या दांडीपाशी गेल्या होत्या. गाडीत बसून ही दांडी हलवली की बाहेरचा आरसा हलतो.

इथे आम्ही जरा थांबलो. आरशाला हालचाली दोनच लागतात, वर-खाली आणि डावी-उजवी. मग तारा तीन का? तुमच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर तारेच्या स्वभावात आहे. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दोनच तारा असत्या तर त्यांनी आरसा आपल्याकडे ओढला असता, पण परत न्यायला कोणी नसते. तिसरी तार त्या दोघींच्या विरुद्ध ओढते. तंबूचा खांब उभा ठेवायला निदान तीन दोऱ्या का लागतात, त्याचेच हे उत्तर. विजेवर हलणाऱ्या आरशात मात्र दोनच छोट्या मोटारी पुरतात, कारण मोटारीला जोडलेला आटे पाडलेला दांडा ढकलतोही आणि ओढतोही. मोटारीत विजेचा प्रवाह उलट केला की ती उलटी फिरते. भंगारातून असा एखादा आरसा मिळाला तर तो शाळेत जरूर आणून उघडा. दोन मोटारींसाठी बहुधा तीनच तारा आलेल्या दिसतील, आणि तीन तारांत दोन मोटारी दोन्ही दिशांनी कशा फिरवायच्या हे कोडे मुलांना तासभर पुरेल.

आता काचेकडे वळू. मूळ काच सुमारे दोन मिलिमीटर जाडीची होती, मिस्त्रींनी बसवलेली तीन मिलिमीटरची. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट. १६ सेंमी × १० सेंमीच्या काचेचे वजन पहिल्या जाडीला ८० ग्रॅम आणि दुसऱ्या जाडीला १२० ग्रॅम होते. तेवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण या तीन तारा आणि प्लॅस्टिकचा सांधा ८० ग्रॅमच्या बेताने केलेला आहे. जड काच खड्ड्यांतून जाताना जास्त डुलते आणि हळूहळू खाली झुकते. आणि आरशाच्या बाबतीत डुलणे महागात पडते. आरसा जेवढ्या कोनातून वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो, हा नियम आठवा. आरसा एका अंशाने हलला की दृश्य दोन अंशांनी सरकते, म्हणजे २० मीटर मागे सुमारे ७० सेंटिमीटर. एक दशांश अंशाची थरथर असली तरी मागची गाडी सात सेंटिमीटरांनी थरथरते, आणि तिच्या नंबराचे आकडे वाचता येत नाहीत.

थरथरीवरून आठवले. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या पहिल्या शर्यतीत रे हॅरुनने आपल्या मार्मन गाडीवर मागचे पाहण्यासाठी आरसा बसवला होता. बाकीच्या बहुतेक गाड्यांत मागे लक्ष ठेवायला शेजारी एक मदतनीस बसलेला असे, हॅरुन एकटाच होता. त्याने ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरी वेगाने शर्यत जिंकली. पण विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हलत होता की त्यात काहीच दिसले नाही, असे त्यानेच पुढे सांगितल्याचे म्हणतात. त्याआधी दोन वर्षे, १९०९ साली, इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट यांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या मोटारीच्या पुस्तकात, मागचे पाहण्यासाठी जवळ एक हातातला आरसा ठेवावा असे सुचवले होते. श्रेय बहुधा हॅरुनलाच दिले जाते.

फुटक्या तुकड्याची गोष्ट

आमच्याकडे काही फेकून द्यायचे नाही अशी घरातली रीत आहे. मूळ आरशाचा तळहाताएवढा एक तुकडा डब्यात सापडला. तो टेबलावर ठेवून बोटाने एका कडेला दाबला तर किंचित डुगडुगला. बहिर्वक्र! पण किती?

हे मोजायचे साधन प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत असते आणि बहुधा कपाटातच असते. त्याचे नाव गोलत्वमापी, म्हणजेच स्फेरोमीटर. आमच्याकडच्या उपकरणाच्या तीन पायांमधले अंतर ४ सेंमी आहे आणि त्याची लघुत्तम मापन क्षमता ०.०१ मिमी. आधी सपाट काचेवर शून्य वाचन घेतले, मग तुकड्यावर. मधला स्क्रू २२ भाग वर उचलावा लागला, म्हणजे ०.२२ मिमी. वक्रता त्रिज्या = (पायांमधील अंतराचा वर्ग) ÷ (६ × उंची), उंची फारच कमी असल्याने सूत्रातले दुसरे पद सोडून दिले तरी चालते. १६ ÷ (६ × ०.०२२) = सुमारे १२१ सेंमी. एका भागाची चूक झाली तर उत्तर पाच-सहा सेंटिमीटरनी बदलते, तेव्हा 'साधारण १२० सेंमी' असेच म्हणू या. युरोपातल्या नियमांनुसार गाडीच्या बाहेरच्या अशा आरशांची त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, त्या मर्यादेच्या अगदी जवळचे हे मोजमाप आले. अमेरिकेत वेगळेच आहे. तिथे चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच लागतो, आणि दुसऱ्या बाजूचा बहिर्वक्र असेल तर त्याची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिमी या दरम्यान हवी आणि त्यावर सावधगिरीची सूचना छापलेली हवी. त्या सूचनेकडे आपण पुढे येणारच आहोत.

गोलत्वमापी नसला तरी अडत नाही. तुकड्यावर काळा कागद चिकटवून त्यात दोन सेंमी व्यासाचे भोक ठेवा. सूर्यप्रकाश त्यावर पाडून परावर्तित कवडसा पुठ्ठ्यावर घ्या. (आरशात सूर्याकडे पाहू नये, हे मुलांना आधी बजावून सांगावे.) सपाट आरशाचा कवडसा पुठ्ठा दूर नेला तरी फारसा वाढत नाही. बहिर्वक्र आरशाचा भराभर पसरतो. कवडसा भोकाच्या दुप्पट, म्हणजे चार सेंमी झाला की आरशापासून पुठ्ठ्याचे अंतर हेच नाभीय अंतर. आमच्या तुकड्याने हे ६० सेंमीच्या आसपास दाखवले. सूर्य बिंदू नसल्याने कवडशाच्या कडा पुसट होतात, त्यामुळे पुसट कडेच्या मध्यापर्यंत मोजावे.

आता मुलगा कुठे गेला ते पाहू. डाव्या आरशापासून चालकाचा डोळा सुमारे १.३ मीटर लांब असतो. आरसा १६ सेंमी रुंद आहे, पण तिरका पाहिल्यामुळे १३-१४ सेंमी एवढाच भासतो. सपाट आरशात एका डोळ्याला यातून जेमतेम सहा अंशांचे दृश्य दिसते. दोन डोळ्यांच्या जागा वेगळ्या असल्याने आणखी तीनएक अंश मिळतात, एकूण नऊ धरू. बहिर्वक्र आरशात मात्र दोन कडांवरचे लंब एकमेकांशी ७.६ अंशांचा कोन करतात, आणि परावर्तनात तो दुप्पट होतो. म्हणजे १५ अंशांची भर नुसत्या वक्रतेतून पडते. एकूण दृश्य २४ अंश.

अंशांपेक्षा मीटरमध्ये पाहिले तर जास्त कळते. आरशापासून चार मीटर मागे, म्हणजे आमच्या गाडीच्या मागच्या टोकापासून दीडएक मीटर अंतरावर, सपाट आरशाला गाडीच्या बाजूपासून जेमतेम ८० सेंमी रुंदीची पट्टी दिसते. मूळ आरशाला तिथेच जवळजवळ दोन मीटरची पट्टी दिसली असती. सायकलवाला मुलगा गाडीला चिकटून थोडाच येत होता! तो शहाण्यासारखा मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवून येत होता. नेमक्या त्या शहाणपणाने तो आमच्या आरशाबाहेर गेला. दोनशे रुपयांत मागच्या गाड्या मोठ्या दिसू लागल्या होत्या, त्याची किंमत दृश्याच्या रुंदीत मोजली गेली होती.

जवळची प्रतिमा लांब कशी दिसते?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी आम्हाला कोड्यात टाकले होते. त्या म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलंय की बहिर्वक्र आरशातली प्रतिमा ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये तयार होते. म्हणजे ती आरशाच्या अगदी जवळ. सपाट आरशात मात्र वस्तू जेवढी पुढे तेवढी प्रतिमा मागे. मग बहिर्वक्र आरशात वस्तू जवळ दिसायला पाहिजे. पण गाडीच्या आरशावर तर लिहिलेलं असतं की वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, म्हणजे ती लांब दिसते. यातलं खरं काय?"

प्रश्न फार चांगला आहे, आणि बहुतेक पुस्तके त्याच्या बाजूने निघून जातात. त्या दिवशी आमचे उत्तर घाईचे आणि अर्धवट झाले. आता तुकडा हातात असताना नीट पाहू.

मागची मोटार आरशापासून १२ मीटरवर आहे असे धरा. प्रतिमेचे अंतर = (वस्तूचे अंतर × नाभीय अंतर) ÷ (वस्तूचे अंतर + नाभीय अंतर) = (१२ × ०.६) ÷ १२.६ = ०.५७ मीटर. पुस्तक बरोबर आहे. प्रतिमा आरशाच्या मागे फक्त ५७ सेंमीवर आहे. मोटार आणखी मागे, १०० मीटरवर गेली तरी प्रतिमा ६० सेंमीच्या पलीकडे जाणार नाही. सारा रस्ता, झाडे, डोंगर, सगळे त्या तीन सेंटिमीटरच्या जाडीत दाटीवाटीने बसलेले असते.

पण प्रतिमा नुसती जवळ नाही, ती लहानही आहे. १२ मीटरवरच्या मोटारीसाठी विशालन ०.६ ÷ १२.६, म्हणजे एकविसावा भाग. १.६ मीटर रुंद मोटार साडेसात सेंटिमीटरची खेळण्यातली मोटार होऊन बसते. ही खेळण्यातली मोटार आपल्या डोळ्यापासून १.३ + ०.५७ = १.८७ मीटरवर आहे. तेवढ्या अंतरावर ती डोळ्याशी सव्वादोन अंशांचा कोन करते. सपाट आरशात हीच मोटार सुमारे सात अंशांचा कोन करते. खरी मोटार सव्वादोन अंशांएवढी लहान केव्हा दिसते? ती ३९ मीटरवर असताना. आणि आपल्या मेंदूला मोटार किती मोठी असते हे पक्के ठाऊक आहे. खेळण्यातल्या मोटारी भर रस्त्यात आपल्या मागे लागत नाहीत, असे तो गृहीत धरतो आणि निष्कर्ष काढतो की मोटार बरीच लांब आहे. प्रतिमा कुठे आहे हा प्रश्न भूमितीचा, ती कुठे वाटते हा प्रश्न मेंदूचा. पुस्तक पहिल्याचे उत्तर देते आणि आरशावरची सूचना दुसऱ्याचे. दोन्ही खरी आहेत.

डोळ्यांच्या स्नायूंना मात्र प्रतिमा जवळ असल्याचे कळत असते. याचा एक सुंदर पुरावा वर्गातच मिळतो. ज्या मुलांच्या चष्म्याचा नंबर उणे एक ते सव्वाच्या आसपास आहे, त्यांना चष्मा काढून खिडकीकडे पाठ करून उभे करा. आधी सपाट आरशात लांबचे झाड पाहू द्या. ते पुसट दिसेल, थेट पाहिल्यासारखेच. मग बहिर्वक्र तुकडा डोळ्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरायला सांगा. तेच झाड लहान पण एकदम रेखीव दिसते! कारण आता पाहायची वस्तू शंभर मीटरवर नाही, ती ६० सेंमी अधिक दहा-पंधरा सेंमी एवढ्यावर आहे, आणि तेवढ्या अंतरावरचे या मुलांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. नंबर जास्त असेल तर चित्र पूर्ण स्वच्छ होणार नाही, थोडे सुधारेल. सरसकट सगळ्या चष्मेवाल्यांवर हा प्रयोग केला तर निकाल गोंधळाचे येतात, हे अनुभवाने सांगतो. आम्ही स्वतः उणे चारवाले आहोत.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. बरीच लांबची वाहने बहिर्वक्र आरशात किती पट लांब भासतील, हे (१ + डोळ्याचे आरशापासून अंतर ÷ नाभीय अंतर) एवढ्या सोप्या पदाने मिळते. उजवा आरसा डोळ्यापासून ०.७ मीटरवर असेल तर २.२ पट, डावा १.३ मीटरवर असेल तर ३.२ पट. दोन्ही काचा एकाच त्रिज्येच्या असल्या तरी डाव्या आरशातली मोटारसायकल उजवीतल्यापेक्षा लांब वाटणार. गाडी चालवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? आम्हाला नव्हते. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला १६-१७ मीटर येते. डाव्या आरशात आपण तिला जवळजवळ चाळीस मीटरवर समजतो तेव्हा ती एका सेकंदाच्याही आत आपल्याजवळ असते.

मग जास्त वक्रतेचा आरसा घेतला तर आणखी रुंद दिसेल, हे बरोबर. बाजारात आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे मिळतात, त्यांची त्रिज्या फारच कमी असते. त्यात 'कोणीतरी आहे' एवढेच कळते, किती लांब आहे याचा अंदाज करणे व्यर्थ. दृश्याची रुंदी आणि अंतराचा अंदाज यांतली ही ओढाताण गोलाकार आरशात सुटत नाही. युरोपातल्या काही गाड्यांत यासाठी आरशाच्या बाहेरच्या भागाची वक्रता हळूहळू वाढवत नेतात, त्या भागाआधी एक उभी रेघ असते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातले गणिती अँड्र्यू हिक्स यांनी तर प्रत्येक बिंदूपाशी किरण कुठे जायला हवा हे आधी ठरवून त्याबरहुकूम पृष्ठभाग काढला. सुमारे ४५ अंशांचे दृश्य आणि तरीही फारशी विकृती नाही अशा त्या आरशाला २०१२ साली पेटंट मिळाले.

नवी काच

पंधरा दिवसांनी आमच्या गाडीची मूळ काच पाठीसकट मिळाली. दुकानात गोलत्वमापी काढून बसणे बरे दिसले नसते, म्हणून घरातला छोटा सपाट आरसा बरोबर नेला होता. दोन्ही शेजारी धरून अर्ध्या मीटरवरून चेहरा पाहिला. १२० सेंमी त्रिज्येच्या आरशात चेहरा सपाट आरशातल्याच्या ७० टक्के दिसायला हवा. हे त्रिज्या ÷ (त्रिज्या + अंतर) या हिशेबाने, म्हणजे १.२ ÷ १.७. पट्टीने आरशावरच खुणा करून तपासले, जमले. दुकानदार आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत होता.

मग पेन्सिलीचे टोक काचेला टेकवले. घरातल्या आरशात टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण चकाकी काचेच्या मागच्या बाजूला असते. या काचेत टोकाला टोक भिडले. म्हणजे धातूचा थर पुढच्या पृष्ठभागावर. असा थर बहुधा क्रोमियमचा असतो. क्रोमियम चांदी किंवा ॲल्युमिनियमपेक्षा बराच कमी प्रकाश परत करतो, पण कडक असल्याने पाऊस, धूळ, फडके हे सगळे सोसतो. मिस्त्रींची काच 'स्वच्छ' वाटण्याचे एक कारण हेही होते. रात्री मागून येणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात मात्र थोडा मंद आरसाच डोळ्यांना बरा.

बसवणे सोपे गेले. खटके खाचांसमोर आणायचे आणि तळहाताने, फडके ठेवून, मध्यावर दाब द्यायचा. कडेवर दाबले तर काच फुटते. चार वेळा 'कट्' ऐकू आले की झाले. त्याआधी तिन्ही तारांवर सुया-धाग्याच्या डब्यातल्या मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला होता.

राहिले आरसा लावणे. आमच्या गाडीत डाव्या आरशाची दांडी डाव्या दाराला आहे, चालकाच्या जागेवरून हात पोचत नाही. म्हणून एकाने आत बसून सांगायचे आणि दुसऱ्याने दांडी हलवायची. पुष्कळजण आरशाचा बराचसा भाग आपल्याच गाडीच्या अंगाला देतात. मागचा रस्ता आतल्या मधल्या आरशात दिसतच असतो, मग बाजूच्या आरशातही तोच कशाला, असा विचार १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने एका निबंधात मांडला. त्याची रीत अशी, की डोके गाडीच्या मध्याकडे झुकवून डाव्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका तो बाहेर वळवायचा. सरळ बसल्यावर गाडी दिसेनाशी होते आणि तेवढे दृश्य बाहेरच्या बाजूला मिळते. सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. आम्ही तडजोड केली आहे, गाडीची बोटभर कड ठेवली आहे.

ही सगळी मोजणी खरी करून पाहायला शाळेचे मैदान, एक उभी गाडी आणि खडू एवढे पुरते. एकाने चालकाच्या जागी बसायचे आणि डोके हलवायचे नाही. दुसऱ्याने सायकल हातात धरून गाडीच्या मागे डावीकडे हळूहळू सरकायचे. आरशातून सायकल दिसेनाशी झाली की आतल्याने हाक मारायची, तिथे खडूची खूण. अशा पंधरा-वीस खुणा जोडल्या की आरशाला दिसणाऱ्या जमिनीचा नकाशा मिळतो. मग आरशावर तेवढ्याच आकाराचा सपाट आरसा कागदी चिकटपट्टीने लावून, तोच कोन ठेवून, दुसऱ्या रंगाच्या खडूने पुन्हा खुणा करायच्या. आमच्या वेळी पांढऱ्या आणि पिवळ्या रेघांच्या मध्ये जी जागा उरली, तिच्यात सायकल आडवी ठेवली तरी मावत होती. सायकल धरायला त्या दिवशी तोच मुलगा आला होता, कोपरावरची खपली अजून होती.